पौषातलं बाळ, वैशाखातलं बाळ आणि एकच तक्ता

दर हिवाळ्यात एखाद्या पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं आणि दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या टपावरच्या पांढऱ्या थराचे फोटो सगळीकडे झळकतात. त्याच सुमाराला कुठल्याशा तालुक्यात आठ-दहा दिवसांचं बाळ दगावल्याची बातमी आली की एक ठरलेला वाद उभा राहतो. एक बाजू म्हणते, यंदा थंडीच तशी होती, कोण काय करणार. शिवाय हल्लीच्या पोरींना बाळंतिणीची पथ्यं नकोत. दुसरी बाजू म्हणते, थंडीबिंडी काही नाही, डॉक्टर जागेवर नव्हता, काचेची पेटी बंद होती, हवामानाच्या नावाखाली पांघरूण घालू नका. मे महिन्यात हाच वाद उन्हावरून होतो, जुलै-ऑगस्टमध्ये पावसावरून. माणसं तीच, वाक्यंही जवळपास तीच.

दोघांकडेही थोडंथोडं खरं आहे, म्हणून वाद मिटत नाही. बाळ कमी दिवसांचं निघेल का, जन्मल्यावर रडेल का, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. पौषात साताऱ्याच्या पाटण खोऱ्यात थंडी पडणार, वैशाखात सांगलीच्या आटपाडीत पत्रे तापणार आणि आषाढ-श्रावणात कोयना-वारणेच्या वरच्या अंगाची गावं रस्त्यावाचून अडकणार, हे मात्र पंचांग न उघडता सांगता येतं. नवजात बाळावर येणाऱ्या संकटांपैकी तारीख ठाऊक असलेलं हे एकच संकट. तरीही त्याच्यासाठीची आपली व्यवस्था बारा महिने आणि साऱ्या तालुक्यांत एकाच तक्त्यावर चालते. तो तक्ता महिन्याप्रमाणे आणि तालुक्याप्रमाणे हलला पाहिजे, आणि त्यासाठी नवी योजना काढावी लागत नाही, असं माझं म्हणणं आहे.

‘थंडीने बाळ नेलं’ या वाक्याला आपल्याकडे जुना भाऊ आहे. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते म्हणून कोरा कागद, लेखणी आणि दिवा ठेवून आपल्या आज्यांनी रात्री जागवल्या. त्या भीतीला आधार होता. नाळ जुन्या विळ्याने कापली, वर शेण-राख लावली की धनुर्वाताची लक्षणं पहिल्या आठवड्याच्या आसपासच दिसू लागत. दिवस आज्यांनी बरोबर हेरला होता, कारण हेरलं नव्हतं. गरोदरपणातली धनुर्वाताची इंजेक्शनं, धुतलेले हात आणि नाळेला कोरं ब्लेड, एवढ्यावर सटवाईचा तो लेख पुसला गेला. माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं २०१५ साली जाहीर झालं. आता सटवाईच्या पाटावर आपण हवामानाला बसवलंय. त्याचाही दिवस आपल्याला बरोबर माहीत आहे. ते बाळापर्यंत कोणत्या वाटेने पोचतं, हे बघायचं तेवढं राहून जातं.

आधी तो तक्ता काय आहे ते पाहू. घरभेटीतून नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम, म्हणजे एचबीएनसी, देशभर २०११ पासून चालू आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. पिशवीत झोळीचा वजनकाटा, डिजिटल थर्मामीटर, सेकंद दाखवणारं घड्याळ आणि एक दुपटं. या कामाचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून हे केलं आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. गंमत अशी की त्याच गडचिरोलीच्या नोंदींतून बाळांचे आजार ऋतूप्रमाणे बदलतात हेही पुढे मांडलं गेलं, आणि पहिल्या आठवड्यातल्या भेटी तिथे याहून दाट होत्या. देशभर नेताना भेटी विरळ झाल्या आणि ऋतू गळाला.

सातारा आणि सांगली इथे ही गळती जास्त बोचते, कारण या दोन जिल्ह्यांत हवामान एक नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस घेणारं महाबळेश्वर आणि पाचशेच्या आसपास अडकणारं माण एकाच जिल्हा परिषदेखाली येतात. सांगलीत शिराळ्याच्या वरच्या अंगाला चांदोलीचं जंगल आणि जतला टँकर. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात म्हसवडची सून माहेरी कोयनेकाठी येते, तिची नोंद सासरच्या आशाकडे, बाळ माहेरच्या आशाच्या गावात, आणि दोन्ही रजिस्टरांच्या मधल्या फटीत बाळाचे पहिले दहा दिवस जातात. हवामान बदललेलं, आशा बदललेली, तक्ता तोच.

थंडीची वाट सगळ्यांत नीट समजलेली आहे आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षितही. पोटातून बाहेर येतं तेव्हा बाळ नखशिखांत ओलं असतं. अंगावरचं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. लगेच कोरडं केलं नाही तर पहिल्या दहा-वीस मिनिटांत त्याचं तापमान दोन ते चार अंशांनी उतरू शकतं. मोठ्या माणसासारखं त्याला कुडकुडता येत नाही. ऊब तयार करायला त्याच्याजवळ मान, खांद्यांची मधली जागा आणि मूत्रपिंडं यांच्याभोवती साठलेली तपकिरी चरबी असते, आणि ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत साठते. आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या शेगडीत कोळसाच कमी. काखेत ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हे ठीक. ३६.५च्या खाली उतरलं की बाळ अंगातली साखर जाळू लागतं, त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. साखर संपली की ते सुस्तावतं, सुस्त बाळ दूध ओढत नाही, आणि दूध नाही म्हणून आणखी गार पडतं. ‘लई गुणाचं हाय, रडत न्हाई, निस्तं झोपतंय’ असं घरात कौतुकाने सांगतात तेव्हा कधीकधी हेच चक्र चाललेलं असतं.

आता पौषातल्या पहाटे तीन वाजता डोंगराकडेच्या एखाद्या आरोग्य केंद्रातली प्रसूतीची खोली डोळ्यांसमोर आणा. त्या खोलीत २५ अंश किंवा त्याहून जास्त तापमान हवं, हे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलेलं असतं. पण खोली किती गार आहे हे कळायला भिंतीवर साधा तापमापक असायला नको का? खिडकीची काच तडकलेली आणि दाराखाली बोटभर फट असेल तर वॉर्मरच्या दिव्याखालची ऊब तिथेच संपते. वॉर्मर बाळ जन्मायच्या निदान पंधरा-वीस मिनिटं आधी लावून दुपटी त्याखाली गरम करायची असतात. बाळ आल्यावर बटण दाबलं तर पहिली दहा मिनिटं, म्हणजे नेमकी महत्त्वाची दहा मिनिटं, हातची जातात. एका दुपट्याने पुसायचं, ते ओलं दुपटं टाकून द्यायचं आणि दुसऱ्या कोरड्यात घ्यायचं. पुष्कळ ठिकाणी त्याच ओल्यात गुंडाळलं जातं, कारण आईने आणलेलं दुपटं एकच असतं. दोन दुपटी आणि एक टोपडं, एवढी सूचना नवव्या महिन्याच्या तपासणीत तोंडी दिली तरी पुरते. ती कार्तिकात द्यायची की चैत्रात, इथे तक्ता हलला पाहिजे.

मग घर. ४८ तास दवाखान्यात थांबायचं, पण घरची माणसं घाई करतात आणि खाट रिकामी व्हावी असं दवाखान्यालाही वाटतं. संध्याकाळी १०२ची गाडी, पुढची काच उघडी, बाळ आत्याच्या मांडीवर कारण आईला बसवत नाही. खरं तर त्या प्रवासात बाळाची जागा आईच्या उघड्या छातीवर आहे. नंतर पहिली आंघोळ. आंघोळ निदान २४ तास लांबवायची, आणि अडीच किलोच्या आतलं बाळ असेल तर हिवाळ्यात नाळ पडेपर्यंत नुसतं पुसून घ्यायचं. न्हाऊ घालणाऱ्या बाईचा हात कितीही सराईत असला तरी न्हाणीघरात उघड्या अंगाने वीस मिनिटं तेल चोळून घेणं दोन किलोच्या बाळाला परवडत नाही. मालीश वाईट नाही. ती दुपारी बारा-एकला, उन्हाच्या खोलीत, एकेक अवयव उघडून करावी.

शेक-धुरीवर तर दोन्ही बाजू तुटून पडतात. परंपरावाल्यांना ओवा-बाळंतशेपाची धुरी म्हणजे सर्वस्व, आणि आधुनिकांना ती निव्वळ अडाणीपणा. शांतपणे पाहिलं तर निखाऱ्यातून दोन गोष्टी येतात, ऊब आणि धूर. बाळाला पहिली हवी, दुसरी नको. दारं-खिडक्या लावून बाजेखाली ठेवलेली कोळशाची शेगडी डोळ्यांना न दिसणारा विषारी वायूही सोडते आणि तो आई-बाळ दोघांनाही मारू शकतो. मग ऊब आणायची कुठून? आईच्या अंगातून. बाळाला फक्त लंगोट, टोपडं, मोजे. दोन्ही स्तनांच्या मधोमध उभं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला, वरून आईचा सैल झंपर आणि शाल. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटाच्या रुग्णालयात पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून ती सुरू झाली, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही सहभागी असलेल्या अभ्यासात, कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं छातीशी धरल्याने मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाल्याचं दिसलं. दिवसातून आठ तास तरी, जमेल तितकं जास्त. आई दमली तर आजी, आणि बापही. (बापाच्या छातीलाही ३७ अंशच असतात, हे गावात सांगितलं की आधी हसू येतं आणि मग एखादा सदरा काढतो.)

बाळ गार पडलंय का हे ओळखायला यंत्र लागत नाही. हाताच्या पालथ्या बाजूने आधी पोट, मग तळपाय. दोन्ही कोमट तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार तर बाळ थंडीशी झगडतंय, ताबडतोब छातीशी घ्या. दोन्ही गार तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा. थर्मामीटरवर विसंबताना एक खोच लक्षात ठेवावी: जुना पाऱ्याचा थर्मामीटर ३५ अंशांच्या खाली दाखवतच नाही, आणि साधा डिजिटलही ३२च्या खाली नुसती खूण दाखवून गप्प बसतो. जे बाळ सगळ्यांत गार, त्याच्यापुढे यंत्र मुकं.

आता विरोधकांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा. नवजात मृत्यूंची मुख्य कारणं आहेत अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना श्वास न लागणं आणि जंतुसंसर्ग. शिवाय जवळपास तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यातच होतात. राज्यात पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास बाळंतपणं दवाखान्यात होतात असं २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. मग ऋतूची चर्चा म्हणजे मूळ दुखणं सोडून सावलीशी कुस्ती नाही का? मुद्दा मान्य, निष्कर्ष अमान्य. थंडी मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून क्वचितच लिहिली जाते, कारण ती दुसऱ्याच्या नावावर काम करते. अपुऱ्या दिवसांचं बाळ गारठून मरतं, दाखल्यावर ‘अपुरे दिवस’ येतं. आणि बाळंतपण दवाखान्यात झालं तरी नवजात म्हणवणाऱ्या अठ्ठावीस दिवसांपैकी दवाखान्यात दोन-तीनच जातात, उरलेले पत्र्याखाली. सिझेरियन झालेली आई तर पाच-सहा दिवसांनी घरी येते, तेव्हा तिसऱ्या दिवसाची घरभेट गळते आणि पहिली भेट थेट सातव्याला.

दुसरा मुद्दा त्याहून तिखट आहे: श्रीमंताचं बाळ थंडीने मरत नाही, मरतं ते गरिबाचं, तेव्हा बोलायचं तर गरिबीवर बोला. बोलूच. पण गरिबी बाळाला भेटते ती कोणत्या रूपात? एकेरी पत्रा, सर्द भिंत, एकुलतं दुपटं, आणि आठव्या महिन्यापर्यंत चिखलात वाकून केलेली भातलावण. या सगळ्या गोष्टींना महिना आहे. इंग्लंडमध्ये १९११च्या कडक उन्हाळ्यात तान्ह्या मुलांचे मृत्यू उसळले. उन्हाने मेली म्हणणारे होते, दारिद्र्याने मेली म्हणणारेही होते. त्याच उन्हात, त्याच गल्ल्यांत अंगावर पिणारी मुलं बरीच तगली, आणि बाटलीवरची जुलाबाने गेली. घोड्यांच्या लिदीवरच्या माश्या, न धुता येणाऱ्या बाटल्या आणि नासलेलं दूध ही ती वाट होती. गरिबी हटण्याआधीच ती वाट अडवता आली.

आपल्याकडची उन्हाची वाट वेगळी आहे आणि तिच्याबद्दल बोललंच जात नाही. एप्रिल-मेमध्ये जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण इथे पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी पत्र्याखालची खोली भट्टी होते. आईला दूध उतरायला तिसरा-चौथा दिवस उजाडतो. नेमक्या त्याच दिवसांत, कुंची-दुपट्यात घट्ट गुंडाळलेल्या बाळाला ताप चढतो, ओठ सुकतात, लघवी कमी होते, लंगोटावर विटकरी डाग दिसतो. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांच्या पुढे उतरलं तर धोका. तीन किलोचं बाळ २७०० ग्रॅमच्या खाली गेलं की थांबायचं नाही. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. दूध कमी गेलं की कावीळही चढते. घरचे काय करतात? उन्हाळा आहे म्हणून साखरेचं पाणी, मध, गुटी चाटवतात. पोट त्यानेच भरतं, बाळ आणखी कमी ओढतं, आणि उन्हाळ्यातल्या पाण्याचा भरवसा तर विचारूच नका. उपाय आहे दर दोन तासांनी अंगावर घेणं, कपडे सैल करणं, दुपारी पत्र्याखालून काढून झाडाखाली किंवा शेजारच्या धाब्याच्या घरात नेणं, आणि आईने स्वतः पोटभर पाणी पिणं. टँकरच्या गावात बाळंतिणीच्या वाट्याला किती हंडे येतात, हा म्हणून आरोग्याचा प्रश्न आहे. कपडे सैल करून, पाजून, अर्ध्या-एक तासानेही काखेत ३७.५च्या वरच असेल तर तो उन्हाचा ताप समजून घरी बसायचं नाही. जंतुसंसर्गाचा तापही असाच दिसतो. जतहून मिरजेचं सरकारी रुग्णालय ऐंशी किलोमीटरच्या पुढेमागे आहे. अंधार पडायच्या आत निघावं लागतं.

आणि तक्ता पाहा: तिसऱ्या दिवसानंतर थेट सातवा. वैशाखातलं बाळ सुकतं ते या चार दिवसांच्या भोकात. त्या दोन महिन्यांत, त्या चार-पाच तालुक्यांत पाचव्या दिवसाची भेट हवी. उलट पाटण-जावळीत मार्गशीर्ष-पौषात बाळ घरी आलं त्याच रात्रीची किंवा दुसऱ्या सकाळची भेट सगळ्यांत मोलाची. आशांवर आधीच कामांचा डोंगर आहे, त्यात आणखी फेऱ्या कुठे लादता, ही तक्रार रास्त आहे, आणि सहा भेटींच्या पूर्ण संचाला २५० रुपये ही रक्कम सांगतानाही लाज वाटते. पण मी फेऱ्या वाढवा म्हणत नाही. कार्तिकात जन्मलेलं, तीन किलोचं, नीट ओढणारं बाळ चौदाव्या दिवशी चांगलं वाढलेलं दिसलं तर एकविसाव्याची फेरी फोनवर भागवा आणि ती भेट पहिल्या आठवड्यात खर्चा. ठरलेले दिवस तपासायला सोपे असतात, पैसे काढायला सोपे असतात, हे खरं. पण ती सोय तपासणाऱ्याची आहे.

पावसाळ्याची वाट ओलीची. आठ-आठ दिवस ऊन नाही, लंगोट वाळत नाहीत, चुलीवरच्या वलणीवर धुरात टाकलेले अर्धओले लंगोट तसेच बांधले जातात. मांड्यांच्या घड्यांत पुरळ, मग पू भरलेले फोड. असे दहा किंवा जास्त फोड, किंवा बेंबीची लाली आजूबाजूच्या कातडीवर पसरलेली, ही दवाखान्याची खूण. बेंबीला हळद, तेल, पावडर काही नको. लंगोट बेंबीच्या खाली दुमडून बांधायचा आणि ती कोरडी ठेवायची. वीज जाते तेव्हा वॉर्मर म्हणजे लोखंडी पलंग, आणि पुन्हा छातीच कामाला येते. रस्ता तुटतो तेव्हा तर काहीच नाही. आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ आहे, तारीख जवळ आलेल्या बाईने चार-पाच दिवस आधी येऊन राहायचं. जुलै-ऑगस्टपुरतं असं एकेक माहेरघर कोयनेच्या आणि चांदोलीच्या अंगाला का असू नये? जुलै २०२१मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या तेव्हा धडधाकट माणसांना बाहेर काढणं जिकिरीचं झालं होतं.

पुराचं तर आणखी एक. २००५, २०१९, २०२१. कृष्णाकाठच्या माणसाला सालं सांगावी लागत नाहीत. पुरानंतर मदतीचा ओघ येतो आणि अशा मदतीत दूध पावडरीचे डबे आणि बाटल्या हमखास असतात. देणाऱ्याच्या मनात माया असते यात शंका नाही. पण नळाला गढूळ पाणी, चूल ओली आणि बाटली उकळायला भांडं नाही, अशा जागी तो डबा बाळासाठी घातक आहे. आफ्रिकेतल्या बोट्सवानात २००६च्या सुरुवातीला जोरदार पावसानंतर जुलाबाची साथ आली, आणि तपासात दिसलं की रुग्णालयात येणारी मुलं बहुतांशी अंगावर न पिणारी, वरच्या दुधाची होती. आपल्याकडे तान्ह्यांच्या वरच्या दुधाबद्दलचा १९९२चा कायदा असे डबे मोफत वाटायला आडकाठी करतो, पण निवारा शिबिराच्या दारात तो वाचून कोण दाखवणार? शिबिरात ओल्या बाळंतिणींसाठी आडोसा असलेली एक खोली, कोरडी दुपटी आणि पाजायला मदत करणारी एक अनुभवी बाई, एवढं जूनमध्येच ठरवून ठेवता येतं.

इथवर बोललो ते जन्मल्यानंतरचं. ऋतू त्याआधी, आईच्या ताटातून आणि डोक्यावरच्या हंड्यातूनही येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९०च्या दशकात आसपासच्या सहा गावांत गरोदर बायकांचा मोठा अभ्यास केला. पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खाणाऱ्यांची बाळं थोराड निघाली, आणि शेत-पाणी-घर असं फार कष्ट उपसणाऱ्यांची लहान. पालेभाजी मिळते कधी, हंडा लांबून आणावा लागतो कधी, लावण असते कधी? पण याबाबतीत सगळ्यांत बोलका पुरावा पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियातला. तिथे गरोदर बायकांना रोज सुमारे हजार कॅलरींची शेंगदाण्याची बिस्किटं दिली. १९९७मध्ये आकडे आले. सुगीच्या महिन्यांत जन्मलेल्या बाळांचं वजन सरासरी ९४ ग्रॅमनी वाढलं, आणि पावसाळ्यातल्या, कणगी रिकामी झालेल्या महिन्यांत जन्मलेल्यांचं २०१ ग्रॅमनी. तेच बिस्किट, तेवढाच खर्च, फळ दुपटीहून जास्त. शेंगदाणा-गुळाचा लाडू साताऱ्या-सांगलीला कुणी शिकवायला नको. अंगणवाडीतून मिळणारा शिधा बारा महिने सारखा वाटण्याऐवजी ज्येष्ठ ते भाद्रपद दीडपट आणि सुगीत थोडा कमी केला तर तिजोरीला किती फरक पडेल?

एक आक्षेप आकडेवारीवाल्यांचा आहे आणि तो मला मनापासून पटतो. तीस हजार लोकवस्तीच्या आरोग्य केंद्रात वर्षाला साडेचारशेच्या आसपास जन्म होतात. राज्याचा २०२०चा नवजात मृत्युदर हजारी ११ धरला तर मृत्यू पाचच. पाच मृत्यूंत हिवाळा कुठे आणि योगायोग कुठे, हे कोण सांगणार? कुणीच नाही. म्हणूनच मृत्यू मोजून ऋतू शोधायचा नाही. साडेचारशे जन्मवजनं आहेत, साडेचारशे तिसऱ्या दिवसाची तापमानं आहेत. अडीच किलोच्या आतली बाळं किती आणि ३६.५च्या खालची किती, हे महिन्यावार मांडलं तर दोन वर्षांत त्या केंद्राला आपला वाईट महिना दिसतो. हे आकडे आजही लिहिले जातात. महिन्याप्रमाणे कुणी मांडत नाही. आणि ते खरे असावेत म्हणून हिवाळ्यात वजन करताना बाळाला उघडं करायचं नाही: दुपट्यासकट वजन, मग नुसत्या दुपट्याचं, आणि वजाबाकी.

परंपरावाल्यांना एक श्रेय द्यायलाच हवं. आखाडात नव्या सुनेला माहेरी धाडायच्या रीतीमागे, आषाढात दिवस राहिले तर बाळंतपण चैत्र-वैशाखाच्या काहिलीत येतं, हा हिशेब सांगितला जातो आणि तो महिन्यांना बरोबर जुळतो. सव्वा महिन्याची वेगळी खोली, पाहुण्यांना मज्जाव, आई-बाळ एकत्र, हे सगळं शहाणपणाचंच. पण त्याच परंपरेत बाळंतिणीची खोली वैशाखातही तशीच बंद, कुंची तशीच घट्ट आणि शेगडी तशीच पेटलेली. म्हणजे ज्या दोन बाजू भांडताहेत त्या दोघींचा तक्ता एकच ऋतू ओळखतो. आणि ‘बाळंतपण चांगल्या महिन्यात येईल असं बघावं’ हा सल्ला तर कुणी देऊच नये. चांगला महिना आहे कुठे? आणि लग्नाच्या तिथी बाईला विचारून धरल्या जात होत्या कधी?

सरकारला हे झेपणार नाही म्हणणाऱ्यांना दोन आठवणी. दुष्काळ म्हणजे आभाळाची मर्जी, ही समजूत मोडून ‘काम नसलेल्या महिन्यांत मागेल त्याला काम’ हा विचार वि. स. पागे यांनी १९६०च्या दशकात तासगाव तालुक्यात करून पाहिला, आणि त्यातूनच रोजगार हमीचा १९७७चा कायदा झाला. सांगलीनेच राज्याला पावसाप्रमाणे खर्च करायला शिकवलं. दुसरी, जव्हारच्या वावर-वांगणीत १९९२-९३मध्ये मुलं गेल्यावर १९९५ साली नवसंजीवनी योजना आली. पावसाळ्याआधी धान्य आणि औषधं आत पोचवायची, फिरती पथकं ठेवायची. पावसाळा बाळांना मारतो आणि त्याची तयारी मे महिन्यात करायची असते, हे शासनाने तेव्हाच लिहून मान्य केलंय. फक्त ते आदिवासी जिल्ह्यांपुरतं. आपले दोन्ही जिल्हे त्या यादीत नाहीत, कारण आपण साखरपट्टा.

आणि या साखरपट्ट्यातच, वाळवा-पलूस-कराडच्या उसात, दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडहून, अहिल्यानगरहून, आणि आपल्याच जतहूनही. गाळप चालतं ते नेमकं थंडीचे महिने. पाणी पाजलेल्या उसाच्या कडेला, ताडपत्रीच्या कोपीत, जमिनीवर पाचट अंथरून बाळंतपण होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती बसली तर कोयता अर्धा, खाडा अंगावर आणि आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, म्हणून आठव्या-दहाव्या दिवशी बाळ बांधावर ठेवून ती मोळी बांधायला उभी राहते. छातीशी धरायला आठ तास तिने कुठून आणायचे? तिची नोंद तिकडच्या गावी, इथल्या आशाच्या हजार लोकसंख्येत ती नाही, तिच्या कोपीवर केलेली भेट कुणाच्या हिशेबात बसवायची हे ठरलेलं नाही. टोळी कुठे आहे हेच कळत नाही, आज या शिवारात तर उद्या त्या, असं उत्तर मिळतं. पण उद्या कोणत्या गटात कुणाचा प्लॉट तुटणार, त्यात कुठल्या मुकादमाचे किती कोयते आहेत आणि कोप्या कुठे पडल्यात, हे कारखान्याच्या शेती खात्याच्या, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला आदल्या संध्याकाळी ठाऊक असतं. तसा कागद त्याच्या खिशात असतो. त्या कागदावर गरोदर आणि ओल्या बाळंतिणींचा एक रकाना वाढवून त्याची नक्कल उपकेंद्राच्या नर्सताईकडे पोचवायची. गाळपाचा परवाना कारखान्याला दर हंगामाला नव्याने घ्यावाच लागतो. त्याच्या अटींत हा रकाना घालता येईल.